पाणी शिरलंच नव्हतं

"पाणी शिरलंय बाई. ईसीएममध्ये पाणी शिरलंय. हिनं इंजिनवर पाइप मारला, दुसरं काही न्हाई. तुम्ही उघडून बघा आणि तेवढं कागदावर लिहून द्या."

ट्रॅक्टरवरून पाय खाली टेकायच्या आधीच म्हाताऱ्याची बडबड सुरू झाली होती. ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, एक बंद डबा. ट्रॅक्टरमागं दोरखंडानं बांधलेली पांढरी व्हॅन होती आणि तिच्यावर लाल अक्षरांत 'भगिनी भाकरी केंद्र, जयसिंगपूर' असं लिहिलेलं होतं. स्टिअरिंगवर एक किडमिडीत बाई बसली होती, रडून रडून डोळे सुजलेली.

मी हातातला टेस्टर खाली ठेवला. चेहऱ्यावरून मी त्याला ओळखलं नसतं. केस पांढरेफेक झाले होते, कवळी आली होती, गळ्याशी कातडी लोंबत होती. पण तो आवाज मी कुठंही ओळखला असता. आणि ते वाक्य! 'हिनं इंजिनवर पाइप मारला.' अकरा वर्षांपूर्वी सांगलीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये, अठरा मेकॅनिकांसमोर, ह्याच माणसानं हेच वाक्य माझ्याविषयी उच्चारलं होतं. शब्द बदलायचेसुद्धा कष्ट घेतले नव्हते मेल्यानं.

भूपाल मगदूम. फोरमन मगदूम. आणि आला होता माझ्याच गॅरेजच्या दारात, स्वतःच्या पायांनी.

"बसा," मी म्हणाले. "चहा सांगू?"

त्यानं मला ओळखलं नाही. तेव्हा मी एकोणीस वर्षांची काडी होते, दोन वेण्या आणि मापापेक्षा मोठा डगला. आता चष्मा आला होता, अंग सुटलं होतं, केस कापले होते, आणि नांदणी नाक्यावर मला सगळे नुसतं 'वायरिंगवाल्या बाई' म्हणत. तरी मला राग आला तो ह्याचाच. अकरा वर्षं मी ह्याच्या नावानं बोटं मोडत होते आणि ह्याच्या लेखी मी कुणीच नव्हते.

"ताई, मी पाइप न्हाई हो मारला," ती बाई व्हॅनमधून उतरून माझ्यापाशी आली. तिचं नाव उज्ज्वला आवळे. "दर रविवारी धुते तशी गाडी वरनं धुतली. बॉनेट उघडलंसुदीक न्हाई. काल सोमवारी सकाळी चावी फिरवली तर स्टार्टर नुसता घुर्र करतोय, गाडी काय पेटंना."

"मग काय भुतानं जाळला?" मगदूम तिच्यावर खेकसला. "चाळीस वर्षं गाड्यांत काढलीत मी. ईसीएम कशानं मरतो ते मला शिकवू नको."

चहा पिता पिता सगळं कळलं. भाकरी केंद्र बायकांच्या बचत गटाचं होतं. रोज दोन हजार भाकऱ्या थापून एमआयडीसीच्या कँटीनांना पोचवायच्या, आणि गटाची अध्यक्ष ह्या मगदूमची बायको, पद्माक्का. निवृत्त झाल्यापासून गाडीची देखभाल मगदूम करायचा. गुरुवारी चार वाजता गटाची बैठक होती. कागदावर 'पाणी' आलं की उज्ज्वलाला काढायचं, असं ठरल्यातच जमा होतं. नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात कमावणारी ती एकटी. तिला दुसरी कोण गाडी देणार होतं?

"उघडून बघते," मी म्हणाले. "जे दिसेल ते लिहीन."

"पाणीच दिसंल," मगदूम म्हणाला आणि ट्रॅक्टरवर चढून गेला.

माझी हकिगत थोडक्यात सांगते. मी सेंटरमध्ये शिकाऊ इलेक्ट्रिशियन होते. माझे बापू तिथंच वेल्डर होते, पंचवीस वर्षांचे जुने. बापूंच्या शब्दावरच मगदूमनं मला घेतलं होतं. एका सोमवारी एका बड्या गिऱ्हाइकाची गाडी चालू होईना. ईसीएम जळालेला. मालक तणतणत खाली आला, गिऱ्हाईक तर हातघाईवर आलेलं. मगदूमनं सगळ्यांना धुण्याच्या रॅम्पपाशी गोळा केलं, माझ्याकडे बोट केलं आणि ते वाक्य बोलला. मी इंजिन ओल्या फडक्यानं पुसलं होतं, बस्स. मी ओरडून सांगत होते, पण ऐकतो कोण? मालकानं मला तिथल्या तिथं डगला उतरवून द्यायला लावला आणि वॉचमनला म्हणाला, हिला फाटकाबाहेर सोड.

त्याचंही मला काही नव्हतं. नोकऱ्या काय, येतात आणि जातात. पण बापू तिथं उभे होते आणि त्यांनी मान खाली घातली. घरी आल्यावरही एक शब्द नाही. त्यानंतर पाच वर्षं जगले, त्या गोष्टीचा कधी उच्चार केला नाही. बापूंनी माझ्याऐवजी मगदूमचा शब्द खरा मानला, पोरगी खोटारडी आहे असं मनात धरूनच ते गेले, हे शल्य माझ्या काळजात रुतून बसलं होतं. पुढं मी ह्याच धंद्यात मुरले तेव्हा उलगडलं, की पाण्यानं एखादा जळत असेल तर वेल्डिंगनं दहा जळतात. बॅटरी जोडलेली ठेवून गाडीच्या अंगाला वेल्डिंग लावलं की तो करंट धावत जाऊन त्या नाजूक डब्याचा घास घेतो. त्या गाडीच्या सायलेन्सरचं ब्रॅकेट शनिवारी जोडलं होतं, ते मला पक्कं आठवत होतं. बापूंचा हात सोन्याचा, ते बॅटरीचं टर्मिनल काढल्याशिवाय गाडीला वेल्डिंगचा रॉड लावणार नाहीत. म्हणजे मगदूमनं घाईत बाहेरचा कुणी भुरटा आणला आणि नंतर स्वतःची कातडी वाचवली, असा मी हिशेब जुळवला होता.

आता पुन्हा तोच माणूस, तोच डबा आणि पुढं केलेली दुसरी बाई.

मी कामाला लागले. स्कॅनर लावला, तो ईसीएमशी बोलायलाच तयार नाही. फ्यूज बघितले, सगळे ठणठणीत. प्लगपाशी करंट येत होता, अर्थिंग चांगलं होतं, म्हणजे वायरिंगचा दोष नव्हता. डबा बाहेर काढून प्लगच्या पिना भिंगाखाली धरल्या. पाणी गेलं असतं तर हिरवा-पांढरा गंज चढला असता. पिना लखलखीत होत्या. झाकणाचा डिंक ब्लेडनं कापून उघडलं तर आत वाळवंटासारखं कोरडं, आणि कोपऱ्यात नखाएवढा काळा डाग. जळक्या प्लास्टिकचा भपकारा नाकात गेला.

मग मी व्हॅनच्या मागच्या बाजूला गेले. भाकरीचे क्रेट ठेवायला लोखंडी स्टँड नवाकोरा जोडलेला होता. वेल्डिंगच्या जागी रंग करपून निळा पडलेला.

"हा स्टँड कुणी जोडला?" मी उज्ज्वलाला विचारलं. ती बिचारी अजून दारातच बसून होती.

"मगदूम अण्णांनीच. रविवारी दुपारी, मी गाडी धुऊन लावल्यावर, त्यांच्या परड्यात. रातभर गाडी तिथंच होती. त्यांच्याकडं मशीन हाय की."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पकडला. अकरा वर्षांनी का होईना, रंगेहाथ पकडला.

पण बॉनेटखाली बॅटरी बघितली आणि माझा चेहरा पडला. टर्मिनलच्या नटावर पान्याचे ताजे ओरखडे होते, ग्रीस पुसलेलं होतं. म्हणजे म्हाताऱ्यानं वेल्डिंगच्या आधी टर्मिनल काढलं होतं आणि नंतर पुन्हा लावलं होतं. मग जळालं कसं? मी पुन्हा सगळी गाडी चाचपली. मागच्या सीटची फळी उचलली आणि सापडलं. तिथं दुसरी बॅटरी होती. भाकऱ्या गरम ठेवायच्या पेटीसाठी कुणीतरी बसवलेली, आणि जाड वायरनं थेट पहिलीला जोडलेली. पुढची सोडली तरी मागची चालूच. म्हातारा ही सोडायला विसरला होता.

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं, की आपण टर्मिनल काढलंय तर आपल्या वेल्डिंगनं जळणं शक्य नाही. म्हणून त्याच्यापुरतं पाणीच उरत होतं.

मी फळी खाली टाकली. काय करायचं ते मी त्याच घटकेला ठरवलं.

पद्माक्कांना मी फोन केला. म्हटलं, "आक्का, नवा ईसीएम कोल्हापूरहून गुरुवारी सकाळी येतोय. बसवायला दीड-दोन तास लागतील. चारची बैठक माझ्याकडेच घ्या. सगळ्या बायकांना आणा. गाडी कशानं बंद पडली ते मी डोळ्यांदेखत दाखवते, म्हणजे मागून कुणाला शंका नको."

"बरं हुईल," आक्का म्हणाल्या. "माझा बी जीव लागंना. पोरगी तशी न्हाई."

गुरुवारी सकाळपासून नवा डबा मी जपून बसवला. ईसीएम बदलणं म्हणजे बल्ब बदलणं नव्हे. नुसता प्लग खोचला तर गाडी त्याला आपला मानत नाही. त्यात चासीचा नंबर लिहावा लागतो, चारही इंजेक्टरांचे कोड भरावे लागतात, दोन्ही चाव्यांची ओळख करून द्यावी लागते. ते सगळं केलं, फक्त गाडी चालू करायची चावी तेवढी फिरवली नाही. ती मला बायकांसमोर फिरवायची होती.

चारला नऊ बायका आल्या. कुणाच्या कोपरापर्यंत पीठ, कुणी पदरानं वारा घेतंय. मगदूम पुढं खुर्ची ओढून बसला, पायावर पाय टाकून. उज्ज्वला मागं भिंतीला टेकून उभी.

"हां बाई, लिहिलं का कागदावर?" त्यानं विचारलं.

"लिहिते की. आधी बघा." मी उघडलेला जुना डबा हातोहात फिरवायला दिला. "हात लावून बघा. ओल दिसते कुणाला? गंज दिसतो?"

"कोरडा ठाक हाय की गं," एक म्हातारी म्हणाली.

"आता वास घ्या."

"जळकट येतोय."

"हे पाण्यानं होत नाही. हे वेल्डिंगनं होतं. बॅटरी जोडलेली ठेवून वेल्डिंग केलं की हेच होतं. रविवारी ह्या गाडीला वेल्डिंग कुणी केलं?"

सगळ्या माना मगदूमकडे वळल्या. तो ताडकन उठला.

"मी टर्मिनल काढलं होतं! रॉड लावायच्या आधी टर्मिनल काढलं होतं मी, आई शप्पथ! एवढं मला कळत न्हाई व्हय?"

आता सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी व्हॅनच्या मागच्या दारात उभी होते, त्या सीटपाशी. 'हो, एक काढलं होतं, पण फळीखालची दुसरी बॅटरी राहिली,' एवढंच बोलायचं होतं. उज्ज्वलाही सुटली असती आणि त्याचीही लाज राहिली असती. मी त्या फळीवर बसले.

"टर्मिनल काढलं असतं तर हे जळालं नसतं," मी म्हणाले.

"अहो काढलं होतं, बाई! तुम्ही नट बघा, ओरखडे असतील..."

"नटावर ओरखडे असतातच. गाडी जुनी आहे."

पद्माक्का नवऱ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. "चूक झाली तर झाली म्हणायचं. त्या लेकरावर ढकलायचं? तिच्या घरात काय चाललंय ते ठावं असून?"

"पद्मा, तुझ्या गळ्याशप्पथ..."

"माझी शप्पथ घेऊ नका!" आक्का कडाडल्या. "चाळीस वर्षं मी सांगत आले, आमचं माणूस तापट हाय, पर खोटं बोलणार न्हाई. आज नऊ जणींत माझं नाक कापलंत."

"ह्या वयात कशाला खोटं बोलायचं, अण्णा?" ती म्हातारी हळूच म्हणाली, आणि ते त्याला जास्त लागलं असावं. तो मटकन खुर्चीत बसला. तोंड उघडायचा, मिटायचा, कवळी आतल्या आत वाजायची. मी डोळे भरून बघून घेतलं. खोटं कशाला सांगू, पुरणपोळीसारखं गोड लागलं मला ते.

मी चावी फिरवली. इंजिनचा दिवा लागला, विझला आणि व्हॅन एका झटक्यात चालू झाली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. उज्ज्वला माझे पाय धरायला वाकली, मी तिला उभी केली. सगळ्या जणी व्हॅनमध्ये चढल्या. मगदूम उठला तशी आक्का म्हणाल्या, "तुम्ही मागनं या," आणि दार ओढून घेतलं.

आम्ही दोघंच उरलो. मी शांतपणे हात पुसले.

"मगदूमसाहेब, वैजयंता लोहार. आठवते?"

त्यानं मान वर केली. "बापूची वैजा?"

"तीच. मला एक सांगा. तेव्हा पाणी शिरलं होतं?"

"न्हाई," तो म्हणाला. इतकं सरळ उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. "शनिवारच्या वेल्डिंगनं गेला होता."

"माहीत होतं तुम्हाला?"

"होतं."

"मग माझं नाव का घेतलंत? त्या बाहेरच्या भुरट्याचं घ्यायचं होतं!"

"बाहेरचा कोण?" मगदूम हसला, पण हसणं वाईट होतं. "बाहेरचा माणूस कशाला आणीन मी? सेंटरला वेल्डर होता की."

माझ्या डोक्यात ते शिरायलाच तयार नव्हतं. मी म्हटलं, "बापू टर्मिनल काढल्याशिवाय रॉड लावायचे नाहीत."

"त्या दिवशी लावला. दुपारची जेवणाची घाई. सोमवारी गाडी पेटंना तसा माझ्याकडं आला. म्हणाला, मगदूम, टर्मिनल राहिलं माझ्याकडनं. मालक मला ठेवायचा न्हाई. पन्नाशी उलटलेल्या वेल्डरला कोण घेतंय? पोर शिकाऊ हाय, तिला कुठंबी लागंल. तिचं नाव घ्या."

"खोटं."

"मीबी साव न्हाई. फोरमन म्हणून माझ्याही गळ्याशी आलं असतं. घेतलं तुझं नाव. पर बापूला शब्द दिला होता, पोरीला कधी कळू देणार न्हाई म्हणून. अकरा वर्षं पाळला." तो उठला, खुर्चीची पाठ धरून. "आज तू माझ्या बायकोपुढं माझी इज्जत घालवलीस. मग मी तरी कुणाचा शब्द कशाला सांभाळू? जा, आईला विचार तुझ्या."

तो चालत निघून गेला. मी गॅरेजचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि घरी आले. आई पडवीत मेथी निवडत होती. मी उभ्या उभ्याच विचारलं. वाटलं, म्हणेल, काय डोकं फिरलं काय तुझं?

तिनं मेथीची काडी मोडली. "कुणी सांगितलं?"

"म्हणजे खरंय?"

"ते तुला सांगणार होते गं. दोनदा उठले होते सांगायला. मीच अडवलं."

"तू?"

"बापावरचा विश्वास गेल्यावर पोरीला काय राहतंय? तू ताटावर मान खाली घालून जेवायचीस आणि ते अर्ध्या ताटावरून उठायचे. मला दोन्हीकडनं मरण होतं."

"आणि माझं? माझं काय गं? मी पाच वर्षं समजत होते, बापूंना मी खोटी वाटते! ते गेले तेव्हासुद्धा हेच समजत होते!"

"तुझं बरं झालं की," आई म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं. "गॅरेज झालं, नाव झालं."

मी समोरची मेथीची पाटी उचलून अंगणात भिरकावली. आयुष्यात आईपुढं असं कधी वागले नव्हते. बापूंचा राग आला, आईचा आला, आणि एवढा जपून ठेवलेला मगदूमवरचा राग शोधायला गेले तर तो निम्मासुद्धा हाताला लागेना. आई अंगणात गेली आणि वाकून एकेक जुडी गोळा करत राहिली. शेवटी मीही तिच्याशेजारी बसून मेथी वेचायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी स्कूटर काढली. रात्रभर त्याचं ते 'आई शप्पथ' कानात बसलं होतं. एकोणीस वर्षांची असताना मीही रॅम्पपाशी अशीच शपथ घेतली होती.

भाकरी केंद्रात सगळ्या चुली पेटलेल्या, थापण्याचा एकसारखा आवाज. पद्माक्का परातीपुढं बसल्या होत्या. डोळे तारवटलेले. मी त्यांच्यापुढं उकिडवी बसले.

"आक्का, मगदूमसाहेब काल खोटं नव्हते बोलले. टर्मिनल काढलं होतं त्यांनी. सीटखाली दुसरी बॅटरी आहे, ती सोडायची राहिली. तिच्यामुळं जळालं."

आक्कांचे हात थांबले. "तुला काल ठावं होतं?"

"मंगळवारीच कळलं होतं."

"मग गप का बसलीस?"

"सूड घ्यायचा होता मला. जुना."

आजूबाजूचं थापणं बंद झालं होतं. आक्का मला चार शब्द सुनावतील, पिठाचा हात गालावर बसेल, असंच मला वाटलं. त्यांनी परात बाजूला सारली.

"मला सांगून काय उपेग," त्या म्हणाल्या. "काल आल्यापासनं मागं पोत्यांवर बसलेत. घरात आले न्हाईत, अन्नाला शिवले न्हाईत. त्यांना जाऊन सांग."

मागच्या पत्र्याखाली ज्वारीच्या पोत्यांवर मगदूम बसला होता, गुडघ्यांत हात घालून. मला बघून त्यानं तोंड फिरवलं. शेजारीच उज्ज्वला व्हॅनमध्ये क्रेट चढवत होती.

"तुम्ही टर्मिनल काढलं होतं," मी म्हणाले. "मी ओरखडे बघितले होते. पण मागं सीटखाली दुसरी बॅटरी आहे, गरम पेटीची. ती थेट पुढच्या बॅटरीला जोडलीय. ती चालू राहिली. मला हे काल माहीत होतं, आणि मी मुद्दाम बोलले नाही."

त्याचे ओठ हलत होते, जणू वायर कुठून कुठं जाते ते मनात मोजत होता.

"सीटखाली?"

"हो."

"गरम पेटीची?" त्यानं खाडकन कपाळावर हात मारला. "अगं, ती मीच बसवलीय की! दिवाळीत! ह्या हातांनी बसवली!"

आणि म्हातारा पोत्यावरून उठला. मला शिव्या देईल म्हणून मी तयार होते, पण त्याला माझं भानच नव्हतं. "पद्मे!" तो आत ओरडला. "पद्मे, ऐकलंस काय? विसरलो होतो! दुसरी बॅटरी विसरलो होतो मी! खोटं नव्हतो बोललो!" पोती उतरवणाऱ्या हमालाला धरून त्यानं तेच सांगितलं, त्या माणसाला कशाचा कशाला पत्ता नव्हता. मग उज्ज्वलाकडे वळला. "पोरी, चूक माझीच. पाणीबिणी काही न्हाई. विसरलो गं मी, म्हातारा झालो." आपण म्हातारे झालो, विसरभोळे झालो, हे सांगताना माणूस एवढा खूश होऊ शकतो, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

पद्माक्का दारात आल्या. हाताला पीठ, डोळ्यांत पाणी. "कळलं, कळलं," त्या म्हणाल्या. "सगळ्या गल्लीला सांगू नका. भाकरी गरम हाय, चला आत."

तो त्यांच्यामागं आत गेला. माझ्याकडे वळूनही बघितलं नाही.

ह्या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. मगदूमसाहेब गेले, आईही गेली. मला मात्र ती सकाळ सुटत नाही. मी स्कूटरपाशी आले, चावी लावली, आणि आतून त्याचा आवाज येत होता, खोटं नव्हतो बोललो, आणि त्यावर आक्कांचं 'कळलं, कळलं'. मला ते शब्द बापूंकडून कधीच ऐकायला मिळाले नव्हते. अकरा वर्षं ज्याचं वाईट चिंतलं, त्या माणसाचा मला इतका हेवा वाटला, की स्कूटर चालू न करता मी तिथंच उभी राहून रडले.